न थुंकलेला घोट

सुनेचं नाक चोंदलं होतं. सर्दी साधीच, पण तिचा धंदा नाकावर चालणारा. तिच्या छोट्या बिअर कारखान्यात चार नंबरच्या टाकीतली पिल्सनर जातीची बिअर दुसऱ्या दिवशी बाटल्यांत भरायची होती, आणि तिला लिंबू नि साबण यांतला फरक कळत नव्हता.

"बाबांना विचार की," नवरा म्हणाला. "एवढं नाक घरात पडून आहे."

सासऱ्यांनी अडतीस वर्षं एका कंपनीत चहाची चव घेतली होती. निवृत्त झाल्यापासून झोप त्यांच्यावर रुसली होती. सुनेच्या कारखान्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं; तिनंही कधी आग्रह केला नव्हता.

दुपारी ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात स्वतःचा चमचा घेऊन.

तिनं टाकीची तोटी उघडली. फिकट सोनेरी बिअर पेल्यात उतरली, वर पांढरा फेस दाटला. त्यांनी पेला खिडकीकडे धरला, मग नाक आत घातलं नि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. चमचाभर घेऊन असा फुर्रकन ओढला, की पलीकडे बाटल्या धुणाऱ्या बाईनं मान वळवून पाहिलं.

ते इकडंतिकडं बघू लागले. तोंड भरलेलं.

"थुंकायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "हिचा कडूपणा घशात कळतो. गिळावं लागतं."

कामावर असताना चहाचा एक थेंबही न गिळता थुंकत आलेला तो माणूस क्षणभर घुटमळला, आणि त्यानं गिळलं.

आधी काहीच नाही, नुसता गारवा. मग कापलेल्या गवताचा वास, सोललेल्या लिंबाची साल, आणि मागून, अगदी सावकाश, कडूपणा वर चढत आला. त्यांचे डोळे मिटले. पायाखालची ओली फरशी दूर गेली. टाक्यांची घरघर कुठल्यातरी पाण्याखालून ऐकू यावी तशी येत होती. एका हिरव्या उतारावरून आपण अनवाणी खाली येतोय, घाई कसलीच नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

"बाबा?"

"हं." ते उतारावरून परत आले. "छान आहे गं. पण शेवटी लोणी लागतं."

तिचा चेहरा पडला. "लोणी? नक्की?"

"मला बिअरमधलं ओ की ठो कळत नाही. पण लोणी मला कळतं."

याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. टाकीतली बिअर अजून कच्ची होती. थंडी थोडी कमी करून आणखी काही दिवस ठेवली, की आतलं यीस्टच ते लोणी खाऊन टाकतं. पण परवा एका हॉटेलला माल द्यायचा शब्द दिलेला. ती फोन घेऊन बाहेर गेली. हॉटेलवाला आधी चिडला, मग कुरकुरला, आणि शेवटी बारा दिवस थांबायला तयार झाला.

आत आली तर सासरे दिसेनात. कोठीच्या खोलीत हॉप्सची पोती रचून ठेवलेली होती. बिअरला वास नि कडूपणा देणारी ती वाळलेली हिरवी फुलं. त्यांच्या वासानं पेंग येते, हे तिथल्या सगळ्यांना माहीत. सासरे पोत्याला टेकून गाढ झोपले होते, चमचा छातीवर. उन्हाचा पट्टा त्यांच्या गुडघ्यावर आला होता, आणि हिरवट धूळ त्यात तरंगत होती.

तिनं पंप बंद केला. बाटल्या धुणारी बाई काही न विचारता चहा प्यायला निघून गेली. तासभर, दोन तास, सगळा कारखाना त्यांच्या श्वासाच्या लयीत हळूहळू चालत राहिला. तीही दाराशी स्टुलावर बसून राहिली. कितीतरी महिन्यांत ती अशी रिकामी बसली नव्हती.

बाराव्या दिवशी तिचं नाक मोकळं झालं होतं. दोघांनी एकाच वेळी घोट घेतला. लोणी गेलं होतं.

"आता लेबलवर काय लिहू? कडू म्हणू?" तिनं विचारलं.

"कडू कसलं? हिरवी आहे ही."

"हिरवी ही काय चव झाली, बाबा?"

"मग उगाच काही लिहू नकोस," ते म्हणाले, आणि पेला पुढे केला. "अजून अर्धा ओत. नीट सांगतो."