साखळी कुणी काढली

मास्तर नगराध्यक्ष म्हणून निवडून आला त्या दिवशी त्याची थोरली बहीण कोपरापर्यंत साबणात होती. सरकारी दवाखान्याच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिची सव्वीस वर्षं गेली होती. मोठ्या डॉक्टरांपासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत. इस्त्रीवाली जिन्यावरून धापा टाकत खाली आली.

"अक्का, आला! तुमचा मास्तर आला!"

अक्काने तशाच ओल्या हातांनी तिला मिठी मारली, आणि मग यंत्रातल्या चादरी पिळून होईपर्यंत थांबली. अर्धवट काम टाकून जायची तिला सवयच नव्हती. घरी जाताना मात्र तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती बारा. त्याला बोट धरून शाळेत तिने नेलं, त्याचं नाक तिने पुसलं, पाढे चुकला की कानही तिनेच पिळला. तिच्या लेखी तो अजून बारक्याच होता. तोच बारक्या पुढे गणिताचा मास्तर झाला, आणि आधीच्या नगराध्यक्षाला लोक कंटाळले तेव्हा त्यांनीच त्याला उभं केलं. प्रचाराला त्याच्याकडे गाडी नव्हती. तो घरोघर पायी गेला, पायऱ्यांवर बसला, माणसं काय बोलतात ते वहीत लिहून घेतलं. "आजवर मतं मागायला खूप आले, ऐकायला हा एकटाच आला," असं न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून सांगायचा, त्यामुळे कुणी वादही घालत नसे.

पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी त्याच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. आधी चिठ्ठी पाठवायची, मग बाहेरच्या बाकावर बसायचं, मग 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकून घरी जायचं. रस्ते रखडले, दिवे रखडले. लोक कुरकुरले, पण त्यांनी सांभाळून घेतलं. आपलाच माणूस आहे, शिकेल हळूहळू, म्हणाले.

मग पुलाचं झालं.

नदीवरचा पायी जायचा पूल जुना होता. त्यावर एक वयस्कर पहारेकरी होते. तीस वर्षं पुलावर काढल्यामुळे त्यांचं नावच पूलकाका पडलं होतं. कठड्याचे बोल्ट हलू लागलेत हे त्यांनी पाहिलं, इंजिनिअरला कळवलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही टोकांना साखळी लावून पूल बंद केला. नेमकं त्याच सोमवारी पलीकडच्या नव्या बागेचं उद्घाटन होतं, आणि मोठे पाहुणे पुलावरून चालत जाणार होते.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मास्तर अक्काकडे जेवायला आला होता. पानावर बसलेला असतानाच त्याचा फोन वाजला. अक्का वाढत होती. तिला शब्दन् शब्द ऐकू आला.

"काका, बोल्ट काय एका दिवसात पडतायत का? उद्यापुरती काढा ती साखळी. मी सांगतोय ना! जबाबदारी माझी."

फोन ठेवून त्याने आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं.

सोमवारी कठडा तुटला. चौदा माणसं खाली पडली. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून जीव वाचले, पण भाजीवालीचं खुब्याचं हाड मोडलं आणि शाळेच्या संगीतशिक्षकाचा हात कोपरातून निकामी झाला. त्या दिवशी लॉन्ड्रीत ज्या चादरी आल्या त्या चिखलाने आणि रक्ताने माखलेल्या होत्या. अक्काने त्या तीनदा धुतल्या.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा खुलासा आला: पहारेकऱ्याने हलगर्जीपणे, कुणाच्याही परवानगीशिवाय साखळी काढली, म्हणून त्याला निलंबित करण्यात आलं आहे. खाली मास्तरची सही होती.

अक्काने तो खुलासा दोनदा वाचला. मग नवऱ्यापुढे धरला. "अहो, हे वाचा. रविवारी तुम्हीही होतात ना पानावर?"

नवरा निवृत्त बसचालक होता. बोलण्याला फाटा देणारा आणि ऐकायला पक्का असा माणूस. "होतो," तो म्हणाला. "पण तो भाऊ तुझा आहे. मी ब्रेक मारायचा की नाही ते तू सांग."

दुपारची सुट्टी घेऊन अक्का नगरपालिकेत गेली. चिठ्ठी न पाठवता सरळ दार ढकलून आत शिरली.

"बारक्या, साखळी कुणी काढली?"

मास्तरने आतल्या माणसांना बाहेर घालवलं. दार लागल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "अक्का, तू समजून घे. पूलकाकांना वर्षभरात निवृत्तच व्हायचंय. त्यांना सांभाळून घेईन मी. पण आत्ता माझं नाव आलं तर सगळंच बसेल. शाळेच्या नव्या खोल्या, पाण्याची टाकी... हे सगळं कोण करणार?"

"त्यांच्या तीस वर्षांना काळं फासून तू टाकी बांधणार?"

"तुला राजकारण कळत नाही."

"नसेल कळत. खोटं कळतं. तुझं तर अगदी लहानपणापासून कळतं मला. तू खोटं बोललास की डावा कान खाजवतोस."

त्याचा हात कानाजवळूनच खाली आला. अक्का बाहेर पडली ती थेट पूलकाकांच्या घरी गेली. काका खुर्चीत बसले होते, अंगावर गणवेश तसाच. त्यांची बायको म्हणाली, "दोन दिवस अंगातून काढत नाहीत. म्हणतात, काढला तर कबूल केल्यासारखं होईल."

गावच्या कायद्यात एक तरतूद होती. दर पाच मतदारांमागे एकाने सही केली तर नगराध्यक्षाला ठेवायचं की काढायचं यावर पुन्हा मतदान घ्यावं लागे. ती आजवर कुणी वापरली नव्हती. त्यासाठी आधी सभागृहात खुली सुनावणी व्हायची, आणि तिथे कुणालाही बोलता यायचं. संगीतशिक्षकाच्या बायकोने अर्ज केला आणि तारीख पडली.

सभागृह गच्च भरलं होतं. माणसं खिडक्यांत बसली होती. पूलकाकांना विचारलं, साखळी काढायचा लेखी हुकूम होता का?

"नाही," काका म्हणाले. "तोंडी होता. मास्तरांचा शब्द म्हणजे लेखीच, असं मी समजत होतो."

मास्तरने घसा खाकरला. "असा कुठलाही हुकूम मी दिला नाही. काकांचं वय झालंय, त्यांचा गैरसमज झाला असेल."

तेव्हा मागच्या रांगेतून अक्का उठली. लॉन्ड्रीतून तशीच आल्यामुळे अंगावर कामाचा निळा एप्रन होता. कुणीतरी पुटपुटलं, "आला, घरचा आहेर आला." थोडं हसू पिकलं. अक्का माइकपाशी पोचली तोवर ते विरलं होतं.

"मी ह्याची थोरली बहीण," ती म्हणाली. "रविवारी दुपारी हा माझ्या घरी जेवत होता. फोनवर ह्याने सांगितलं, उद्यापुरती साखळी काढा, जबाबदारी माझी. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. बस, एवढंच सांगायचं होतं."

"अक्का, तुझं ऐकण्यात काहीतरी..."

"माझे कान शाबूत आहेत, बारक्या. तुझंच बोलणं बदललंय." मग ती लोकांकडे वळली. "ह्याला मत द्या म्हणून तुमच्या दारी मीही आले होते. तेव्हा मी सांगितलं होतं की हा खोटं बोलणार नाही. ते मला आज परत घ्यायचंय."

ती जागेवर जाऊन बसली. नवऱ्याने तिचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सह्यांची टेबलं लागली. पहिल्या टेबलासमोरची रांग न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचली. न्हावी स्वतः एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून रांगेत उभा होता, आणि ते गिऱ्हाईक त्याच्यामागे, गालावर फेस तसाच. मास्तरचा एक जुना कार्यकर्ता तावातावाने सांगत होता, "अरे, पूल काय कुणाच्याही काळात पडतो! एवढ्यावरून चांगला माणूस घालवायचा?"

"पुलाचं कोण म्हणतंय?" न्हावी म्हणाला. "तो समोर येऊन म्हणाला असता की चुकलं माझं, तर मीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता. पण त्याने गरिबाच्या डोक्यावर फोडलं. आज काका, उद्या मी. मग मी कुणाच्या भरवशावर दुकान उघडायचं?"

कार्यकर्ता थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि मग रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

पाचातली एक सही हवी होती. तीन दिवसांत त्याच्या दुप्पट झाल्या.

मतदानाच्या दिवशी चार जण मास्तरचा पेंढ्याचा पुतळा करून घेऊन आले, चौकात जाळायला. भाजीवाली कुबड्या टेकत मत द्यायला आली होती. तिने कुबडीनेच त्यांची वाट अडवली.

"कुणाला जाळताय? आपणच निवडलेला माणूस आहे तो. आपण बोलावलं, आपणच जा म्हणतोय. त्याला कागद पुरे."

पुतळ्याचा पेंढा दुपारी एका गाडीवानाने बैलांसाठी नेला. दिवसभर एक काच फुटली नाही. म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसवून आणली, आजारी माणसं दवाखान्यातून चाकांच्या खुर्चीत आली. अक्का रांगेत उभी होती. पुढच्यांनी तिला वाट करून दिली, "अक्का, तुम्ही आधी जा."

"का? माझं मत काय मोठं आहे?" म्हणत ती जागची हलली नाही. शिक्का मारताना तिचे डोळे भरले, पण हात सरळ राहिला.

निकाल संध्याकाळी लागला. दहातल्या सात जणांनी मास्तरला काढलं होतं. कुणी ओरडलं नाही. मास्तर नगरपालिकेच्या पायऱ्या उतरून आला, किल्ल्या कारकुनाच्या हातात दिल्या आणि चालू लागला. लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून त्याला वाट दिली. ती शांतता पाहून अक्काचा ऊर भरून आला. हे तेच गाव होतं, नळावर भांडणारं, बसमध्ये जागेवरून हमरीतुमरीवर येणारं. आज त्याने खुर्चीवरचा माणूस उतरवला होता, आणि त्याला बोटही लावलं नव्हतं. आपण ह्या गावच्या आहोत, असं तिला त्या पायऱ्यांखाली उभं राहून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारी इस्त्रीवाली होती. तिला ते माहीतच होतं. दोघी नुसत्याच उभ्या राहिल्या.

पूलकाका त्याच आठवड्यात कामावर रुजू झाले.

मास्तर पंधरा दिवसांनी अक्काकडे आला. सकाळची वेळ होती, ती कामावर निघण्याच्या गडबडीत होती. तो दारातच उभा राहिला.

"ये," ती म्हणाली. "शाळेत घेतलं का परत?"

"घेतलं. सातवीचा वर्ग दिला. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, सर, तुम्हाला का काढलं?"

"मग?"

"सांगितलं. खोटं बोललो म्हणून." तो खाली बघत होता. "घाम फुटला मला, अक्का. निवडणुकीत इतका कधी फुटला नव्हता."

आतून नवरा म्हणाला, "परीक्षा सातवीचीच अवघड असते."

अक्का हसली नाही. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि पिशवी खांद्याला अडकवली. "पूलकाकांकडे गेलास?"

"गेलो होतो. त्यांनी दार उघडलं नाही."

"मग उद्या परत जा."

"आणि उद्याही नाही उघडलं तर?"

"परवा जा. पायी फिरायची सवय आहे तुला." चपला घालता घालता तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. वर्गात त्याने जे सांगितलं ते सांगायला काय लागलं असेल, ते तिला पुरतं कळलं होतं. "चहा गार होतोय, बारक्या," एवढंच ती म्हणाली, आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.