माझ्या खोडींचा सौदा

मित्रांनो, मी एक जुनी स्टेशन वॅगन आहे. पुढून पाहिलंत तर चारचौघींसारखी मोटार, आणि मागून पाहिलंत तर संपता संपत नाही अशी. गल्लीतली मुलं मला ‘लांबोडी’ म्हणायची. मला त्याचा राग यायचा नाही. लांबी हाच माझा गुण होता आणि त्या गुणावर एका घराचा संसार चालला होता.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक, रंगाचा वास आणि डोळे दिपवणारा उजेड, एवढंच. पुढे मला एका जोडप्याने घेतलं. पडदे शिवायचे आणि घरोघरी जाऊन लावून द्यायचे, हा त्यांचा धंदा. काकू शिवायच्या आणि मला चालवायच्या. काका खिडक्यांची मापं घ्यायचे आणि शिडीवर चढून पडदे लावायचे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण शेजारी बसल्या बसल्या जमिनीवर पाय दाबून ब्रेक मात्र तेच मारायचे! पडद्यांच्या लांब दांड्या माझ्या मागच्या दारापासून थेट पुढच्या काचेपर्यंत आडव्या पडायच्या, आणि त्यांची छोटी लेक कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपून जायची.

काकांची एक रीत होती. गिऱ्हाइकापुढे कापड उलगडलं की आधी त्याचा दोष सांगायचा. “हा निळा देखणा आहे, पण उन्हाच्या खिडकीला विटेल.” “हे धुतलं की चार बोटं आटणार, आत्ताच सांगून ठेवतो.” काकू कपाळाला हात लावायच्या. “अहो, आपल्याच मालाला नावं ठेवून कुणी धंदा करतं का?” पण तीच गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा यायची.

सुखाचे दिवस होते ते. दर सुट्टीला मला आंघोळ, वर मऊ फडक्याने पुसणं. मग लेक मोठी झाली, नोकरीला लागली. माझा रंग उडाला, सांधे कुरकुरू लागले. आणि एके दिवशी भर पुलावर, मागे गाड्यांची ही रांग लागलेली असताना, मी बंद पडले. काकू एकट्याच होत्या. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, ओरडत होते, आणि काकू पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होत्या. मी हे मुद्दाम केलं नाही हो, असं मला जीव तोडून सांगावंसं वाटलं. पण गाडीला कुठली वाचा? त्या दिवसापासून काकू मोठ्या रस्त्याने जाईनाशा झाल्या. लांबची कामं हातची जाऊ लागली.

“आई, तुझा जीव मोठा की गाडी?” लेकीने विचारलं.

तिघंही मला घेऊन जुन्या-नव्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे गेले. तिथे त्यांना सामान वाहायची, बंद पाठीची एक छोटी गाडी पसंत पडली. भाव करण्यात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी दोनदा पर्स उचलली, दोनदा खाली ठेवली, आणि गाडीची किंमत बरीच उतरवली. मग विषय माझ्यावर आला. विक्रेत्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, बुटाच्या टोकाने टायर दाबून पाहिला.

“बदल्यात घेतो, पण भंगाराच्या भावात. हिला आता कोण विचारणार? तोडायलाच जाईल.”

तोडायला! इंजिन बंद होतं म्हणून बरं, नाहीतर ते तिथेच बंद पडलं असतं.

“असं कसं? अजून चांगली दणकट आहे,” काकूंनी सुरुवात केली. तेवढ्यात काकांनी तोंड उघडलं. काकूंनी कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

“मागचं दार नुसतं ओढून लागत नाही, जरा उचलून लावावं लागतं,” काका म्हणाले. “थंडीत पहिल्या किल्लीला चालू होत नाही. दुसऱ्या वेळी होते, पण मध्ये क्षणभर थांबायचं. घाई केली की रुसते. पुलावर बंद पडली होती. पेट्रोलचा पंप बिघडला होता, तो बदललाय, पण आमच्या मंडळींच्या मनातली भीती जात नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याने नावं ठेवली तर सोसवतात, पण घरच्याच माणसाने चारचौघांत माझी अब्रू काढावी? विक्रेत्याने तर भाव आणखी खाली आणला.

पलीकडच्या गाडीपाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांची रोपांची बाग होती. बुटांना ओली माती, नखांतही माती. त्या पुढे आल्या. “ही गाडी मला बघता येईल?”

“ताई, ऐकलंत ना? भंगार आहे ती.”

“ऐकलं, म्हणूनच विचारतेय. मघापासून तुम्ही मला सांगताय की तुमच्या एकाही गाडीत काही दोष नाही. यांना निदान यांची गाडी ठाऊक तरी आहे.” त्यांनी मागे वाकून माझी लांबी डोळ्यांनी मापली आणि विक्रेत्याच्या भावापेक्षा दुप्पट भाव सांगितला.

“इतके नकोत हो,” काका म्हणाले. “सायलेन्सर जुना झालाय.”

“मग सायलेन्सरचे वजा करते.”

“आणि मागचे टायर...”

“अहो, आता फुकट देऊन वर टाकीही भरून देणार आहात का?” काकू कडाडल्या. विक्रेत्यालासुद्धा हसू आवरलं नाही. काकूंनी मधला आकडा सांगितला आणि सौदा पटला.

मला फाटकापर्यंत काकूंनीच नेलं. स्टिअरिंगवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “रागावू नकोस गं.” मी कसली रागावते? दार लागत नाही हे तर कुणालाही दिसतं. ते उचलून लावायचं, हे ज्याने जीव लावला त्यालाच ठाऊक असतं. एवढी साधी गोष्ट मला इतक्या उशिरा कळली.

“काही अडलं तर फोन करू का?” रोपवाल्या बाईंनी विचारलं.

“अडलं तर मिस्त्रीला करा,” काका म्हणाले. “बरी चालली तर मला करा.”

आता मी रोपं वाहते. पाठीत माती सांडते, पानं काचेला चिकटतात, पण मी कामात आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही कधी कुणाची जुनी सायकल येईल, कोट येईल, खुर्ची येईल. तिची निगा तर राखाच, पण जिथून ती आली त्या घरालाही कधीतरी कळवा. तिथे कुणीतरी वाट बघत असतं.

आमच्या बाईंनी कळवलं. एका सकाळी मला रस्त्याच्या कडेला घेऊन त्यांनी फोन लावला. “बरी चाललीय हो तुमची गाडी.” पलीकडून काका म्हणाले, “जरा तिचा आवाज ऐकवता का?”

बाईंनी फोन माझ्या बॉनेटपाशी धरला, आणि माझं इंजिन, कधी नव्हे ते, एकदाही न खोकता चालत राहिलं.