आजारपणाचा दाखला

अबिदेमीने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि वॉर्डमागच्या खोलीचं दार पायाने लोटलं. पडद्यावर मायदेशातल्या, इबादानच्या घरातली मम्मींची झोपायची खोली आली. पलंगाशेजारी डॉक्टर ओगुनलेये कागद मांडीवर घेऊन बसले होते.

"मम्मी, मागच्यासारखं करायचं नाही हं."

"मागे काय केलं मी? घरी आलेल्या माणसाला जेवायला वाढलं."

मागे मम्मी इस्त्रीच्या कपड्यांत, डोक्याला निळा रेशमी फेटा बांधून बैठकीत बसल्या होत्या. कसं वाटतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर म्हणाल्या, देवाच्या कृपेने ठणठणीत. त्यांच्या घरात आजाराचं नाव कुणी तोंडावर आणत नसे. बोललं की तो अंगात ठाण मांडतो. अबिदेमीचे वडील गेले तेही ठणठणीत म्हणतच. फोनवर मम्मींचं रोज तेच उत्तर. डॉक्टरांनी ऐकलं तेच लिहिलं, आणि इंग्लंडने व्हिसा नाकारला. स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या आईला मुलीकडे कायमचं राहता येत नव्हतं. ती मुलगी तिथल्या सरकारी इस्पितळात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना बरं करते, याची त्या नियमात कुठे नोंद नव्हती.

"मम्मी, दुखणं थोडं वाढवून सांगा. माझ्यासाठी."

"वैऱ्याबद्दलही असं बोलू नये गं. डॉक्टरीण झालीस आणि आईला खोटं शिकवतेस?"

"हो. शिकवते."

मम्मी हसल्या. मग छताकडे बघत बोलू लागल्या. आंघोळ शेजारीण घालते. ती आली नाही तर तशीच. रात्री अंथरूण ओलं होतं. आडवं झालं की जीव गुदमरतो, म्हणून बसूनच झोपते. चर्चला शेवटची कधी गेले, आठवत नाही.

सुरुवातीला अबिदेमी मान डोलवत होती. मग तिची मान थांबली. यातलं काहीच तिने पढवलं नव्हतं. दर वाक्यामागे मम्मी दम घेत होत्या. मानेवरची शीर टरारून फुगली होती. वॉर्डात असं कुणी आलं असतं तर तिने आधी प्राणवायू लावला असता.

ओगुनलेयेंनी पेनाला टोपण लावलं. "झालं. या वेळी व्हिसावाल्यांना नाही म्हणता यायचं नाही."

"आणि विमान?" अबिदेमीने विचारलं. "विमानात बसू द्याल तुम्ही त्यांना?"

मम्मींच्या सुजलेल्या पावलांवर डॉक्टरांनी चादर ओढली.

"अबी, नीट बोलले ना मी?"

"हो मम्मी. अगदी नीट."

"मग एक स्वेटर घेऊन ठेव माझ्यासाठी. तिकडे थंडी फार, म्हणतात."

"घेते," अबिदेमी म्हणाली. "रंग कुठला आणू?"