पुतळ्याला टोचलेली टाचणी

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवते. हे सांगितलं की लोक म्हणतात, नकाशा तर मोबाइलमध्येच असतो, मग तुला पगार कशाचा? अशांना मी हल्ली उत्तर देत नाही, घसा दुखतो. काम असं: जुना नकाशा स्कॅन करायचा आणि त्यातल्या ज्या जागा आजही आहेत, तिथे संगणकावर टाचण्या टोचायच्या. मग अख्खा नकाशा त्या टाचण्यांवर ताणून बसतो, वाळत घातलेल्या चादरीसारखा.

आता आई आणि मावशी. रस्तारुंदीत पाडलेलं त्यांचं लहानपणीचं घर नेमकं कुठे होतं, यावरून दोघींची एका लग्नात जुंपली. आई म्हणे, आज औषधांचं दुकान आहे तिथे. मावशी म्हणे, सिनेमागृहाच्या जागी, तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला काय कळतंय. झालं, तीन वर्षं अबोला. एकाच इमारतीत राहतात, पण जिन्यात समोरासमोर आल्या तरी भिंतीशी बोलतील, एकमेकींशी नाही. आणि येत्या रविवारी मावशी कायमची मुलाकडे चालली होती, लांबच्या शहरात. आई दिवसभर भांडी आपटत होती. विचारलं तर म्हणे, "जाऊ दे, माझं काय अडलंय." तिचं काय अडलंय ते मला दिसत होतं, आणि माझा जीव तुटत होता.

त्या गल्लीचा, आजोबांचं घर नावासकट दाखवणारा जुना नकाशा ग्रंथालयाच्याच कपाटात सापडला. दोघींना वेगवेगळं गाठून सांगितलं, तुझंच खरं ठरणार आहे, ग्रंथालयात बघायला ये. आल्या. एकमेकींना बघून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी उगाचच खुर्च्या पुसायला लागले.

"तिला सांग, पंखा लाव," मावशी म्हणाली.

"तिला सांग, मला थंडी वाजते," आई म्हणाली.

मी पंखा अर्धवट वेगाने लावला आणि टाचण्या टोचल्या. पुलाचं टोक, घड्याळाचा मनोरा, चौकातला पुतळा. घर जाऊन बसलं थेट सिनेमागृहात. मावशी फुलली. आईने पर्स उचलली. "पोटची पोर उलटली," ती पंख्याला म्हणाली.

"थांब गं," मी म्हणाले, कारण पडद्यावर नदी शेजारच्या शाळेतून वाहत होती. मग माझी ट्यूब पेटली. रस्तारुंदीत तो पुतळा उचलून चौकाच्या पलीकडे नेला होता. जे हलवता येतं त्याला टाचणी टोचायची नाही, हे मी नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवते. मी गुपचूप पुतळ्याची टाचणी काढून पाण्याच्या जुन्या टाकीला टोचली. नदी पुलाखाली परतली. घर सिनेमागृहातून निघालं, औषधांच्या दुकानाशी आलं, आईचा चेहरा उजळला, आणि तिथेही न थांबता ते पेट्रोल पंपावर जाऊन बसलं.

"दोघींचंही चुकलं," मी म्हणाले. चांगली फुशारकीने म्हणाले.

मग मावशी थेट आईकडे वळली. "पंपावर? अगं, तिथे तर तो शिंपी होता."

"ज्याने तुझ्या फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या," आई म्हणाली.

"आणि तू तो घालून फोटोला उभी राहिलीस."

"तुझं रडणं थांबेना म्हणून, ताई."

मग दोघी मिळून माझ्यावर घसरल्या. यंत्राला काय कळतंय, आणि हिला तरी काय कळतंय, आणि विद्यापीठ हिला फुकटचं पोसतंय. माझा नकाशा आता हातभरही चुकलेला नव्हता, शपथ घेऊन सांगते. नसलेली चूक कबूल करणं अगदी जिवावर आलं.

"चुकला असेल माझाच," मी म्हणाले. "तुम्हीच एकदा जाऊन बघा ना."

दोघी उठल्या. दाराशी पायरी होती, तिथे आईने मावशीचा दंड धरला.

"रविवारी जायलाच हवं का गं?"

"तिकीट काढलंय," मावशी म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "तू नको जाऊस म्हणशील, म्हणून किती दिवस काढतच नव्हते."

"मग रद्द कर," आई म्हणाली, आणि दोघी पंप बघायला गेल्या.