आठ न्यूट्रॉनचा कार्बन

मित्रांनो, मी एक म्हातारा कार्बनचा अणू आहे. खरा नव्हे, शिकवायचा. पण भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

कर्जतजवळच्या एका शाळेत विजयाबाईंनी मला घडवले. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वजनाला जवळपास सारखे, म्हणून दोन्हींसाठी त्यांनी सागरगोटेच घेतले. सहा लाल रंगवले, ते प्रोटॉन. सहा राखाडीच ठेवले, ते न्यूट्रॉन. बारा एकत्र चिकटवून माझे अणुकेंद्रक झाले. भोवती तारेची दोन कडी. आतल्या कड्यात दोन काळे मणी, बाहेरच्यात चार, ते इलेक्ट्रॉन. "खऱ्या अणूत केंद्रक फार बारीक असतं, बाकी सगळी पोकळी," असे बाई दर वर्षी बजावत. मुले मला बघायला झुंबड करत. मग बाई निवृत्त झाल्या, भिंतीवर मोठा स्क्रीन आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

यंदा तपासणीच्या आदल्या दिवशी शिपाई गोरक्षने मला पुसले. कपाटात त्याला दोन सागरगोटे सापडले, कुणा पोरीने खेळून ठेवलेले. माझेच निखळले असतील असे समजून त्या भल्या माणसाने ते मला डिंकाने चिकटवले.

दुपारी मुख्याध्यापक काकासाहेबांनी वर्गात मला मोजले. "न्यूट्रॉन आठ? साहेबांपुढं शोभा व्हायची. गोरक्ष, भंगारात टाक हे."

माझा संताप झाला. उभा जन्म शिकवण्यात गेला आणि दोन बियांपायी मला बाद करता?

तेवढ्यात आठवीतली जेनिफर उठली. "सर, लाल सहाच हायेत."

"मग?"

"मग कार्बनच हाय. ते प्रोटॉनवरून ठरतं. न्यूट्रॉन दोन जास्त, म्हंजी कार्बन चौदा. समस्थानिकाच्या धड्यात हाय, सर."

"अगं, पण गोरक्षनं चुकून चिकटवलंय ते."

"चिकटवलं चुकून, पर झालंय बरोबर."

काकासाहेबांनी पुस्तक मागवले आणि पान दोनदा वाचले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने 'कार्बन-१४' अशी चिठ्ठी लिहून माझ्या बैठकीवर लावली.

मित्रांनो, दोन न्यूट्रॉन वाढले म्हणून मी जड झालो, दुसरा कुणी झालो नाही. जुन्या वस्तू पुसा, जपा, एवढी विनंती आहे. आणि मला भंगारात टाकायला पुन्हा कुणी निघालाच, तर त्याने आधी माझ्यातला एक लाल सागरगोटा काढून दाखवावा. तोवर मी कार्बनच.