साठ किलोचा माणूस

लिफ्ट दुरुस्त करण्यात एकोणीस वर्षं घालवल्यावर मेकॅनिकला समजलं, की आपल्याला लिफ्टमधलं काही कळत नाही. कंपनीने तसं रीतसर पत्रच पाठवलं. सुपरवायझर व्हायचं तर गती आणि बलाचा पेपर द्या, चारपैकी तीन गणितं बरोबर यायला हवीत. शिडी चढताना त्याचे गुडघे आता उघड उघड भांडत होते. ही खुर्ची हुकली, तर निवृत्तीपर्यंत आणखी अकरा वर्षं शिडी होतीच.

शिकवायला घरचीच बाई मिळाली. लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि बापाचा कान पिळायची संधी आल्याने भलतीच खुशीत होती.

"कप्पीवरून एक वजनरहित दोर गेलाय," तिने वाचलं.

"कुठल्या दुकानात मिळतो?"

"बाबा!"

"नाही, सहज विचारतोय. आमचा दोर चार जणांना हलत नाही."

"मानायचं असतं तसं. आणि कप्पीला घर्षण नाहीये."

"वा! म्हणजे इतकी वर्षं मी ग्रीस हौसेनेच फासलं."

पुस्तकवाल्यांची चैन बघून त्याला हेवा वाटायचा. काही झिजत नाही, काही गंजत नाही, आणि मधल्या मजल्यावर अडकून कोणी शिव्याही देत नाही. तरी पठ्ठ्या महिनाभर चिकाटीने बसला. वर निघालेल्या लिफ्टमध्ये साठ किलोच्या माणसाला जमीन किती जोराने ढकलते, ते त्याने पहिल्या फटक्यात काढलं. सातशे वीस न्यूटन. लेकीने टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो चक्क लाजला.

पेपरात पहिली दोन गणितं सुटली. तिसऱ्यात उतारावरच्या खोक्याने त्याला पार गंडवलं. आता सगळी मदार चौथ्यावर होती: 'लिफ्टचा दोर तुटला. आत साठ किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे. काटा किती दाखवेल?'

लिफ्टमध्ये काटा घेऊन कोण चढतं, हे विचारायची सोय नव्हती. उत्तर त्याला पाठ होतं. शून्य. एवढं लिहिलं की शिडी सुटली. त्याने पेन टेकवलं, आणि त्याला सणसणून राग आला. दोर तुटला, माणूस खाली चाललाय, आणि ह्यांना काट्याची पडलीय!

त्याने दीड पान लिहिलं. दोर तुटताच ब्रेक दोन्ही बाजूंचे रूळ कसे पकडतो, लिफ्ट वीतभर खाली येऊन कशी थांबते, सगळं आकृतीसकट. माणूस घाबरेल, पण काटा साठच दाखवेल.

तो नापास झाला. खुर्ची स्टोअरकीपरला मिळाली. त्याने लिफ्टच्या मोटारीची खोली कधी आतून पाहिली नव्हती, पण दोराला वजन नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लेक संतापली. "शून्य लिहायचं होतं, बाबा! एक आकडा! आता परत शिडीवर चढा. कोणासाठी केलंत हे? तो माणूस खरा तरी होता का?"

"नसेल," मेकॅनिक गुडघ्याला मलम चोळत म्हणाला. "पण लिफ्टमध्ये चढला होता ना?"