रविवारचा ओव्हरटाइम

सासू जाऊन सात महिने झाले आणि नवऱ्याला एकाएकी बायकोला फिरवून आणायची बुद्धी झाली.

"रविवारी बोटीनं जाऊ," तो म्हणाला. "सकाळी धक्क्यावरून सुटते, नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत जाते, संध्याकाळी परत. तू कुठे बघितलंयस ते!"

कुठे बघणार? नऊ वर्षं सासू अंथरुणाला खिळलेली, आणि सून त्या अंथरुणाला. भाजी आणायला जायचं तरी शेजारणीच्या हातापाया पडून तिला घरात बसवायचं, मग धावत जायचं, धावत यायचं. नदीचे फाटे तिनं पाहिले होते ते शाळेच्या भूगोलात.

ती काही भोळी नव्हती. लग्नाआधीपासून सासू अंथरुणाला खिळेपर्यंत ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची, त्यामुळे कुणाच्या मनात काय बेत शिजतोय हे तिला लवकर कळे. नवऱ्याचे काका घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, पोटी मूल नाही. "त्यांना आपल्याकडेच आणू या का? बोटीवर निवांत बोलू," असं तो दोनदा म्हणाला होता. इकडे कारखान्याच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला होता की तुझी जागा रिकामी झालीय, येणार असशील तर सोमवारपर्यंत सांग. म्हणजे रविवारी बोट आणि सोमवारी उत्तर. काका किंवा कात्री, दोन्ही जमणार नव्हतं.

खरं सांगायचं तर तिनं मनातून काकांना होकार दिलाच होता. कारण एकच, नवराही राबला होता. बाटल्यांच्या कारखान्यात सहा दिवस भट्टीसमोर उभा राहायचा, आणि महिन्यातून एका रविवारी वर ओव्हरटाइम. ओव्हरटाइम या शब्दाला त्यांच्या घरात देवासारखा मान होता. त्या दिवशी ती पहाटे उठून चौघांना पुरेल एवढा डबा भरायची, का तर तिथली पोरं उपाशी असतात. संध्याकाळी त्याच्या पायांना गरम पाणी. सासूसुद्धा त्या दिवशी कण्हणं आवरायची, "दमून आलाय गं माझा," म्हणायची. आणि जास्तीचे पैसे? ते म्हणे पगारातच धरलेले असायचे. एवढं कुणी नवऱ्याला खोदून विचारतं का?

रविवारी दोघं धक्क्यावर पोचली. बोटीच्या खोलीचं दार बुटकं होतं. तिनं कपाळ आपटून घेतलं, तिच्या मागच्या दोघांनीही आपटलं. नवरा मात्र बोलता बोलता सहज वाकून आत गेला. तिला वाटलं, याचं बरं लक्ष असतं!

आत चहाची किटली घेऊन एक जाडजूड, हसतमुख बाई उभी होती. नवऱ्याला पाहताच ती मोठ्यानं ओरडली, "अगंबाई, ओव्हरटाइम! किती महिन्यांनी! आणि आज जोडीनं?"

"तुमची काहीतरी चूक होतेय," नवरा म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"चूक कसली? डोळे फुटलेत का माझे? हाच तो खिडकीतला कोपरा तुमचा." मग ती बायकोकडे वळली. "वहिनी, तुम्ही मध्ये बसा, तिथे कमी हलतं. मी लिंबू पण कापून ठेवते. पाण्याचं नाव काढलं तरी तुम्हाला मळमळतं ना? यांनी सांगितलंय सगळं. बायकोला किती आग्रह केला तरी येत नाही म्हणायचे. पण डबा झकास असतो हो तुमचा! आम्ही सगळे वाटच बघत असतो त्याची."

"यांना ओव्हरटाइम का म्हणता?" तिनं विचारलं.

"यांनीच सांगितलं! म्हणाले, घरी ओव्हरटाइमला जातो म्हणून सांगून येतो. तेव्हापासून तेच नाव पडलं. हसून हसून पुरेवाट झाली होती आमची." इतकं बोलल्यावर चहावालीला काहीतरी चुकल्याची जाणीव झाली, आणि ती कप आणते म्हणत निघून गेली.

बोट सुटली. ती मध्ये बसली नाही, खिडकीतल्या कोपऱ्यात बसली. नवरा शेजारी अंग चोरून बसला. शहराचे पूल मागे पडले, गोदामं संपली, आणि नदी रुंद होत होत फुटली. एका फाट्याचे दोन, दोनाचे चार. मध्ये चिखलाची बेटं, त्यांच्यावर माणसाच्या उंचीएवढं गवत, आणि त्यातून एकदम शेकडो पांढरे पक्षी उडाले. तिला मळमळ झाली नाही. उलट इतकं छान वाटलं की तिला रडू आलं. तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. हे असं होतं तर! महिन्याच्या महिन्याला हा इथे बसून हे बघायचा, तिच्या हातचं खायचा आणि लोकांना सांगायचा की तिला पाणी सोसत नाही.

दुसरी बाई निघाली असती तर तिनं तिच्या झिंज्या उपटल्या असत्या आणि मोकळी झाली असती. इथे बाईही नव्हती. नुसती मजा होती, आणि ती तिच्या वाट्यातून कापून घेतलेली.

"मी काही वावगं केलं नाही," नवरा पुटपुटला. "घरात तो वास, ते कण्हणं. एक दिवस तरी मोकळा श्वास... तुला सांगितलं असतं तर तू पाठवलंच नसतंस."

"पाठवलं असतं," ती म्हणाली. "फक्त पुढच्या महिन्यात माझी पाळी लावली असती. त्याचीच भीती होती ना?"

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं.

एवढ्यात सुकाणूवरच्या माणसानं आवाज दिला, "इथून पुढे रेंज जाते, मंडळी! फोन करायचे असतील ते आत्ताच उरकून घ्या. आता संध्याकाळी परत येईपर्यंत कुणाचा फोन लागायचा नाही."

लोकांनी लगबगीनं फोन काढले. तिनं हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता, पण त्याच्या मानेवर घाम आला होता.

"आई गेल्या तो रविवार होता," ती म्हणाली.

"अगं, आज कशाला तो विषय..."

"मी दुपारी बारापासून फोन करत होते. लागत नव्हता. तुम्ही संध्याकाळी आलात आणि म्हणालात, कारखान्यात फोन कपाटात ठेवावे लागतात."

नवऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला काय माहीत त्याच दिवशी... त्यानंतर एकदाही आलो नाही मी इथे. शप्पथ! ताईला सांगू नकोस, पाया पडतो. ती माझं तोंड बघणार नाही."

ताई म्हणजे त्याची बहीण. तिची भीती वाटत होती त्याला, अजूनही.

"काकांना मी सांभाळणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला आणायचं तर आणा, सांभाळा. मी उद्यापासून कामावर जाणार."

"बरं. बरं, तू म्हणशील तसं." त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला. एवढ्यावर भागलं असं त्याला वाटलं असावं. ते पाहून तिला राहवलं नाही.

"त्यांना शेवटी शुद्ध होती," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं मी, वाईट वाटेल म्हणून. तासभर दाराकडे बघत होत्या. कुठे आहे, कुठे आहे, एवढंच विचारत होत्या. मी त्यांचा हात धरून म्हटलं, आई, ते कामावर आहेत, तुमच्या औषधासाठीच राबताहेत. तेव्हा हसल्या. म्हणाल्या, मग नको बोलावूस त्याला, दमला असेल. आणि डोळे मिटले."